‘तिथे हुकूमशाही आहे’ एवढं सांगून मूल आपल्याजवळ राहतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. सात वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही आठ महिन्यांपूर्वी, नवऱ्याच्या संमतीने, परदेशात आलात. परतीचं तिकीट दोन महिन्यांनंतरचं होतं. तुम्ही गेला नाहीत. ज्या देशातून आलात तिथे वर्षानुवर्षं एकाच पक्षाची सत्ता आहे आणि तुम्ही त्या सरकारविरुद्ध लिहिलेलं आहे. आता नवऱ्याने मूल परत मिळावं म्हणून अर्ज केला आहे, पण त्याच्या पत्रांतली भाषा तुम्हाला त्याची वाटत नाही. तुम्ही विचारता, एका लहान मुलाला हुकूमशाहीत परत पाठवायला कुठला न्यायाधीश तयार होईल? आणि शेवटी एका ओळीत विचारलं आहे, वडिलांचे व्हिडिओ कॉल बंद करू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ‘तिथे हुकूमशाही आहे’ एवढं म्हणणं पुरत नाही. सीमेपलीकडच्या ताब्याची प्रकरणं मी बरीच वर्षं चालवते आहे, कधी आईच्या बाजूने, कधी वडिलांच्या. दोन्हीकडून उभं राहिल्यावर एक गोष्ट पक्की कळते. मुलाच्या अर्जात न्यायालय त्या सरकारवर खटला चालवत नसतं. हे मूल परत गेलं तर त्याचं नेमकं काय होईल आणि त्याला सांभाळून घेणारी स्वतंत्र यंत्रणा तिथे आहे का, एवढंच ते तपासतं. शिवाय वाईट राजवटीत राहतो म्हणून बापाचं बापपण रद्द होत नाही. ती राजवट त्याने निवडलेली नसते, बहुतेक वेळा तोही तिचा बळीच असतो. तुमच्या वकिलाने हे गृहीत धरूनच मांडणी करायला हवी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात आधी, तुमच्या दोन देशांमध्ये १९८० चा हेग करार लागू आहे का? पालकाने मूल दुसऱ्या देशात नेलं किंवा तिथेच ठेवून घेतलं, तर त्याला लवकरात लवकर त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवण्याचा हा करार. ताबा कोणाला हे परत गेल्यावर तिथलं न्यायालय ठरवतं. शंभराहून जास्त देश त्यात आहेत, पण यादीत नाव आहे म्हणजे काम झालं असं नाही. नंतर सामील झालेल्या देशाचा प्रवेश दुसऱ्या देशाने स्वीकारला असेल तरच त्या दोघांत करार चालतो. रशिया २०११ मध्ये आला, पण अमेरिकेने तो प्रवेश स्वीकारलेला नाही, म्हणून त्या दोन देशांत करार निरुपयोगी. चीनपुरता बोलायचं तर तो फक्त हाँगकाँग आणि मकावला लागू आहे. इराण करारात नाहीच.

करार लागू नसेल तर बहुतेक देशांत न्यायालय मुलाच्या हिताचा थेट विचार करतं. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) २००५ मध्ये सौदी अरेबियाशी संबंधित एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. करार लागू नाही, तेव्हा आपोआप परत पाठवण्याचा नियमही नाही. मूल कुठे राहावं हाच खरा वाद असेल, तर तिथलं न्यायालय आईचं म्हणणं ऐकून निर्णय देऊ शकतं की नाही हे पाहावंच लागेल. शब्दांकडे लक्ष द्या. ‘सौदी व्यवस्था वाईट आहे’ असं त्यांनी म्हटलं नाही. तिथे या आईला दाद मागायला दार आहे का, एवढं विचारलं.

करार लागू असेल तर वेळ महत्त्वाची. परत जायची ठरलेली तारीख उलटली किंवा ‘मी येणार नाही’ असं तुम्ही स्पष्ट कळवलं, तिथून साधारणपणे गणती सुरू होते. तिथपासून एक वर्षाच्या आत अर्ज आला तर न्यायालय परत पाठवण्याकडे झुकतं. वर्ष उलटल्यावर आलेल्या अर्जात मूल नव्या जागी रुळलं आहे का हेही पाहिलं जातं. तुमच्या प्रकरणात सहाच महिने झालेत, म्हणजे तो बचाव तुमच्याकडे नाही. म्हणून कोणी सांगितलं की ‘थोडे महिने पत्ता बदलून गप्प राहा’, तर ऐकू नका. अर्ज आधीच दाखल आहे. लपलात तर न्यायाधीशांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल, आणि या प्रकरणांत तुमचा शब्द हाच पुष्कळदा सर्वात मोठा पुरावा असतो.

तुमच्या हातात करारातली मुख्यतः दोन कलमं राहतात. कलम १३ मध्ये म्हटलं आहे की परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल, किंवा ते असह्य परिस्थितीत ढकललं जाईल, तर परत पाठवणं बंधनकारक नाही. कलम २० मानवी हक्कांच्या मूलभूत तत्त्वांबद्दल आहे. ते वाचून सगळ्यांना वाटतं, हे तर आपल्यासाठीच लिहिलं आहे! प्रत्यक्षात न्यायालयं ते क्वचितच लावतात, कारण ते लावणं म्हणजे दुसऱ्या देशाच्या अख्ख्या व्यवस्थेला नाकारणं. मी ते अर्जात घेते, पण सगळा भार कलम १३ वर ठेवते.

न्यायालयं कशी विचार करतात ते व्हेनेझुएलाच्या दोन प्रकरणांत छान दिसतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयांचा विभाग) अपील न्यायालयासमोर एक आई होती. तिला आणि मुलांना अमेरिकेत आश्रय, म्हणजे मायदेशातल्या छळापासून संरक्षण, मिळालेला होता. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था, हिंसा, न्यायव्यवस्थेतला भ्रष्टाचार, सगळं तिने मांडलं. तरी न्यायालयाने मुलं परत पाठवण्याचा निर्णय कायम ठेवला. देशाची स्थिती वाईट असणं वेगळं, आणि या मुलांना गंभीर धोका असल्याचं खात्रीलायक पुराव्याने सिद्ध होणं वेगळं. त्याआधी एकच वर्ष, पहिल्या सर्किटच्या न्यायालयाने त्याच देशातून आलेल्या एका मुलाला परत न पाठवण्याचा निर्णय कायम ठेवला, कारण मुलगा पुरेसा समजदार होता आणि परत जायला त्याचा स्वतःचा, विचारपूर्वक विरोध होता. देश तोच, सरकार तेच, निकाल उलटे. फरक पडला तो समोरच्या मुलामुळे.

म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी त्यांना ‘हुकूमशाही’ हा शब्द बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, तुमच्या मुलाच्या आयुष्यात हे सरकार नेमकं कुठून आत शिरेल? ही शंका हवेतली नाही. बेलारूसमध्ये डिसेंबर २०१० च्या निवडणुकीनंतर विरोधी उमेदवार आंद्रेई सान्निकोव्ह आणि त्यांच्या पत्रकार पत्नीला अटक झाली, आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा सरकारी ताब्यात घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. रशियातल्या येफ्रेमोव्ह गावात एका शाळकरी मुलीने २०२२ मध्ये युद्धाविरुद्ध चित्र काढलं. वडिलांवर समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी खटला झाला, मार्च २०२३ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली, आणि मुलीला बालगृहात ठेवलं गेलं. पुढे तिला तिच्या आईकडे दिलं. चीनच्या शिनजियांग प्रांतातून परदेशात गेलेल्या उइगुर मुस्लिम पालकांची मागे राहिलेली मुलं सरकारी संस्थांमध्ये ठेवली गेल्याचं अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ मध्ये नोंदवलं. या सगळ्यांत सरकार पालकाला शिक्षा करायला मुलाचा वापर करतं. तुमच्या देशात असं घडल्याची विश्वासार्ह उदाहरणं असतील आणि तुमची परिस्थिती त्यांच्याशी जुळत असेल, तर ‘हुकूमशाही’ हा शब्द ठोस पुराव्यात बदलतो.

तुमच्यासाठी कळीचा प्रश्न असा आहे. तुम्ही स्वतः परत गेलात तर विमानतळावर अटक होईल का? होणार असेल तर मूल आईशिवाय परत जाईल, आणि आजवर त्याला मुख्यतः तुम्हीच सांभाळलं असेल तर तुमच्यावरचा धोका मुलावरचा धोका होतो. ‘मी जाणार नाही’ हा हट्ट आणि ‘मी जाऊ शकत नाही’ ही वस्तुस्थिती, यांत न्यायालय काटेकोर फरक करतं. तेव्हा गोळा करा: तुमच्यावर गुन्हा नोंदला आहे का, कोणत्या कलमाखाली, त्या कलमाखाली तुमच्यासारख्या इतरांना काय शिक्षा झाली, नातेवाइकांना कोणी चौकशीला बोलावलं का, घराची झडती झाली का. आणि तिथल्या कायद्याची माहिती असलेला, पण तिथे न राहणारा तज्ज्ञ साक्षीदार शोधा. तिथे राहणाऱ्या वकिलाला या कामात ओढू नका. तो खरं बोलला तर त्याची सनद जाईल, नाहीतर त्याचं स्वातंत्र्य.

आता एक मुद्दा, जो अनुभवी कौटुंबिक वकीलसुद्धा कधी कधी नीट मांडत नाहीत. अशा अर्जांत समोरचा पालक हमी देतो: मी तक्रार मागे घेईन, घर देईन, खर्च देईन, अंतिम निर्णयापर्यंत मूल आईकडे राहू देईन. न्यायाधीशांना हे आवडतं, कारण धोका कमी करण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे. दोन्ही देशांत सारखाच आदेश काढून घेण्याची पद्धतही आहे. जिथे न्यायालय स्वतंत्र आहे तिथे हे चांगलं चालतं. पण नवऱ्याची हमी नवऱ्याला बांधते, सरकारला नाही. अपहरणाची तक्रार तो मागे घेऊ शकेल. राजद्रोहाचा खटला मागे घेणं त्याच्या हातात नसतं. तो अगदी मनापासून हमी देत असला तरी ती पाळण्याची ताकद त्याच्याकडे नाही. तुमच्या वकिलाने नवऱ्याला खोटं पाडण्याच्या मागे लागू नये. हे म्हणावं: ‘हमी प्रामाणिक आहे असं धरू. ती मोडली गेली तर आई कोणाकडे जाईल, आणि ते न्यायालय सरकारविरुद्ध आदेश काढेल का?’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की गंभीर धोका सिद्ध झाल्यावर तो कमी करण्याचे सगळे संभाव्य उपाय तपासण्याचं बंधन न्यायाधीशांवर नाही. इतर देशांत चित्र वेगळं असू शकतं, पण युक्तिवाद तोच.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगते: करार लागू आहे का ते आधी बघा, राजवटीबद्दल नव्हे, मुलाबद्दल बोला, तुमच्यावरचा धोका मुलापर्यंत कसा पोचतो ते कागदोपत्री दाखवा, नवऱ्याच्या हमीला सरकारची मर्यादा दाखवा.

आता त्या पत्रांकडे वळते. ही अर्जातली सर्वात नाजूक बाजू आहे. नवरा खरंच मूल मागतो आहे, की त्याच्याकडून मागवून घेतलं जात आहे? हा प्रश्न जगाने एलिआन गोन्झालेसच्या वेळी पाहिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये हा पाच वर्षांचा क्युबन मुलगा फ्लोरिडाच्या समुद्रात सापडला. आई प्रवासात बुडाली होती. मायामीतल्या नातेवाइकांनी त्याच्यासाठी आश्रय मागितला, क्युबातल्या वडिलांनी मुलगा परत मागितला. त्या वेळी क्युबा हेग करारात नव्हता. नातेवाइकांचं म्हणणं होतं, कम्युनिस्ट सरकारच्या दबावाखालचा बाप मोकळेपणाने बोलूच शकत नाही. अमेरिकी अधिकाऱ्यांनी हा आक्षेप झटकून टाकला नाही. त्यांनी क्युबात जाऊन वडिलांची दोनदा भेट घेतली. एप्रिल २००० मध्ये वडील स्वतः अमेरिकेत आले आणि तिथेही त्यांनी मुलगाच मागितला. जूनमध्ये अकराव्या सर्किटच्या न्यायालयाने सरकारचं धोरण, म्हणजे हुकूमशाहीत राहणाऱ्या बापालाही मुलाच्या वतीने बोलण्याचा हक्क आहे हे, वाजवीपणाच्या अगदी कडेला असलं तरी आत आहे असं ठरवलं. २८ जून २००० ला मुलगा वडिलांसोबत परतला.

मी त्यातून एवढं घेते की बापाचा आवाज खरा आहे का हे तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय त्याला खोटं ठरवता येत नाही. तुमच्या वकिलाने मागणी करावी की वडिलांचं म्हणणं तिसऱ्या देशात, तटस्थ व्यक्तीसमोर नोंदवलं जावं. तो देशाबाहेर पडू शकला तर ऐका तो काय म्हणतो. त्याला बाहेर पडूच दिलं नाही, तर तीही नोंद होईल. त्याची जुनी पत्रं, जुने संदेश जपून ठेवा. आधीची आणि आताची भाषा शेजारी ठेवली की न्यायाधीशांना पुष्कळ दिसतं: तो मुलाच्या खोकल्याबद्दल, अभ्यासाबद्दल विचारतो का, की फक्त तुमच्या लेखांबद्दल? मात्र एक गोष्ट कधीच करू नका. फोनवर त्याला विचारू नका, ‘तुझ्यावर दबाव आहे का?’ त्याने उत्तर दिलं किंवा नाही दिलं, दोन्हीची किंमत त्यालाच मोजावी लागेल. आणि तोच तुमच्या मुलाचा बाप आहे.

मुलाचं म्हणणं? सात वर्षांच्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश ऐकतील, पण त्यावर निकाल ठरण्याची शक्यता कमी. वॉल्टर पोलोव्चाक बारा वर्षांचा असताना, १९८० मध्ये, शिकागोत आईवडिलांबरोबर सोव्हिएत संघात परत जायला नकार देऊन घरातून निघून गेला. त्याला आश्रय मिळाला, आणि खटले इतके लांबले की १९८५ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला. सातव्या सर्किटने त्याच वर्षी म्हटलं की आईवडिलांच्या विरोधात स्वतःचे हक्क मांडायला बारा हे वय खालच्या टोकाला आहे, आणि वय वाढेल तसं मुलाचं म्हणणं वजनदार होतं. सात म्हणजे त्याहूनही पाच वर्षं कमी. मुलाला पढवू नका. ‘तिथे लोकशाही नाही’ असं वाक्य सात वर्षांच्या तोंडी ऐकलं की न्यायाधीशांना ते कोणाचं आहे हे लगेच कळतं.

आश्रयाबद्दल. तुम्ही अर्ज केला नसेल तर त्या देशातल्या आश्रयाच्या वकिलाला या आठवड्यात भेटा, आणि मुलाचं नाव केवळ तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून टाकायचं की त्याचा स्वतंत्र अर्ज करायचा, ते विचारा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं की आश्रयाच्या अर्जात सामील असलेल्या मुलाला, तो अर्ज निकाली निघेपर्यंत, प्रत्यक्ष परत पाठवता येत नाही. अमेरिकेत तसं नाही. व्हेनेझुएलाच्या प्रकरणात पाहिलंच, आश्रय मिळूनही मुलांना परत पाठवण्याचा निर्णय कायम राहिला. म्हणजे तुम्ही आता कुठल्या देशात आहात यावर उत्तर बदलतं. आश्रयाची कागदपत्रं गोपनीय असतात. ती ताब्याच्या खटल्यात जशीच्या तशी दाखल केली तर त्यांतला मजकूर नवऱ्यामार्फत त्या सरकारपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात तुमच्या मित्रांची नावं असतील. काय दाखवायचं हे न्यायाधीशांकडून आधी ठरवून घ्या.

तुमच्या लिखाणाच्या तारखा तपासल्या जातील. इथे येण्यापूर्वीचं लिखाण तुमच्या बाजूचं आहे. अर्ज दाखल झाल्यानंतर अचानक वाढलेलं लिखाण खटल्यासाठी केलं असं समोरचा वकील म्हणेल, आणि न्यायाधीशांनाही तसं वाटू शकेल. तुमचा बोलण्याचा हक्क मी नाकारत नाही, पण मुलाचा फोटो आणि नाव कुठल्याही प्रचारात वापरू नका. एलिआनचं बालपण दोन देशांच्या कॅमेऱ्यांसमोर फरफटलं गेलं. तुमच्या मुलाच्या वाट्याला ते येऊ नये.

पासपोर्टसाठी आपल्या जुन्या देशाच्या दूतावासात जाऊ नका, निदान आश्रयाच्या वकिलाला विचारल्याशिवाय नाही. बेलारूसने सप्टेंबर २०२३ पासून परदेशातल्या दूतावासांत नवे पासपोर्ट देणं बंद केलं. कागदांसाठी लोकांना परत यायला भाग पाडणं हे नेहमीचं हत्यार आहे. मुलाला पुढे दुसरं नागरिकत्व मिळालं तरी आजी-आजोबांना भेटायला त्याला तिथे पाठवण्याआधी दहादा विचार करा. अनेक देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, आणि १९३० च्या हेग राष्ट्रीयत्व करारापासूनचं तत्त्व असं आहे की माणूस ज्या देशाचाही नागरिक आहे, त्या देशाविरुद्ध दुसरा देश त्याचं राजनैतिक संरक्षण करू शकत नाही. तुमच्या नावावर अपहरणासाठी इंटरपोलची नोटीस निघाली, तर तिला आव्हान देता येतं. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय स्वरूपाच्या कामाला मनाई करतं आणि तक्रारींसाठी स्वतंत्र आयोग आहे. पण तोपर्यंत सीमा ओलांडू नका.

आणि ते कॉल. बंद करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १० म्हणतं की आईवडील वेगवेगळ्या देशांत असतील तर दोघांशी नियमित, थेट संपर्क ठेवण्याचा मुलाला हक्क आहे. हक्क मुलाचा आहे, तुमच्या किंवा नवऱ्याच्या भांडणातला सवलतीचा तुकडा नाही. वेळ ठरवा, दर आठवड्याला तीच ठेवा, तारखा वहीत लिहा. खोलीतून पत्ता, शाळेचं नाव, खिडकीबाहेरचा रस्ता दिसणार नाही असं बघा, कारण कॉलवर आणखी कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही जवळ बसा, पण मध्ये बोलू नका. नवऱ्याने राजकारण किंवा खटला काढला तर शांतपणे म्हणा, ‘ते वकील बघतील, तू त्याला गोष्ट सांग.’ काही देशांत न्यायालय तटस्थ व्यक्तीच्या उपस्थितीत असे कॉल ठरवून देतं. तुमच्या वकिलाला पहिल्याच तारखेला तशी मागणी करायला सांगा, म्हणजे ‘आईने संबंध तोडले’ असं म्हणायला जागा राहणार नाही, आणि मुलाला बाबा दिसत राहतील.